सीलची स्प्रिंग

फैजपूरच्या हिलाल मिस्त्रीने उखर्डू भोईला तोंडावर सांगितलं होतं, "हे घरी उघडायचं काम नाही. घट्ट बसलेला भाग ओढून काढायला खास पुलर लागतो याला. मुंबईला पाठव." उखर्डू हतनूर धरणात मासे धरायचा. त्याच्या होडीच्या इंजिनाला खाली, पंख्याजवळ जो गिअरबॉक्स असतो, त्यात पाणी शिरलं होतं आणि तेल ताकासारखं पांढरं झालं होतं. उखर्डूने मान डोलावली, आणि इंजिन उचलून सरळ नासीरच्या घरी नेलं.

हे ऐकून हिलालचं जेवणावरचं मन उडालं. वर्षभर हेच चाललं होतं. ज्या केळीवाल्यांचे पंप त्याने पंचवीस वर्षं सांभाळले, ते आता नासीरकडे जात. नासीरला धड दुकानही नव्हतं. निंबाखाली पोतं टाकून बसायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिलाल मुद्दाम तिकडे गेला. फजिती बघायला.

"ये हिलालभाऊ! बस," नासीर म्हणाला. आतून त्याच्या बायकोने, मेहरुनने चहा पाठवला.

पुलर नव्हताच. नासीरने जुन्या खाटेच्या लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडली होती. त्यांतून लांब बोल्ट घालून तो आळीपाळीने आवळत होता, मधेच उकळतं पाणी ओतत होता. तासाभराने खट्ट झालं आणि गंजून बसलेला भाग अलगद बाहेर आला.

हिलालने ती पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. हे आपल्याला का सुचलं नाही?

पाणी अडवणारं जुनं रबरी सील काढून नासीरने नवं बसवायला घेतलं. पाइपाचा तुकडा ठेवून तो हळूहळू ठोकत होता. तेवढ्यात सीलच्या ओठाभोवतीची केसासारखी बारीक स्प्रिंग निसटली आणि पोत्यावर पडली. नासीरचं लक्ष हातोडीकडे होतं. हिलालने पाहिलं. त्याचा पाय आपोआप पुढे सरकला आणि स्प्रिंगवर टेकला.

"बसलं बरोबर?" नासीरने विचारलं.

"झकास," हिलाल म्हणाला. नासीर तेल आणायला उठला तशी त्याने स्प्रिंग उचलून खिशात घातली आणि घरची वाट धरली.

पण घरी त्याचं चित्त लागेना. उखर्डूची होडी ऐन धरणात बंद पडलेली त्याला दिसू लागली. दुपारी तो परत निघाला.

अंगणात नासीर आणि मेहरुन गुडघ्यांवर बसून माती चाळत होते. नासीरने गिअरबॉक्स जोडून सायकलच्या पंपाने हवा भरली होती आणि पाण्याच्या टबात बुडवला होता. सीलमधून बुडबुडे आले. मग त्याने सगळं पुन्हा खोललं.

"स्प्रिंगच नाही," नासीर म्हणाला. "तीनदा झाडलं अंगण."

हिलालने खिशात हात घातला. इथेच सापडली म्हणता आलं असतं. त्याने ती नासीरच्या तळहातावर ठेवली.

"माझ्याकडे व्हती."

"केव्हापासून?"

"सकाळपासून. पायाखाली दाबली व्हती मी."

मेहरुन उठून आत गेली. नासीर नखाने स्प्रिंग खाचेत बसवत म्हणाला, "पाइप धर. सरळ धर, हलवू नको."

दोघांनी मिळून सील बसवलं. या वेळी टबातलं पाणी शांत राहिलं.

दुसऱ्या दिवशी धरणावर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. उखर्डू ओरडला, "नासीरभाऊ, मानलं तुले!"

"हिलालभाऊ व्हता सोबत," नासीर म्हणाला. "एकट्याले नसतं जमलं."

ते ऐकून हिलालचे कान तापले. नासीरने चारचौघांत त्याला चोर म्हटलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. हा माणूस हातानेही पुढे आणि मनानेही पुढे.

उखर्डूने दोघांना होडीत चक्कर मारायला बोलावलं. हिलाल चढला, पण नासीरकडे पाठ करून पार टोकाला जाऊन बसला.