जिन्याखालचे जोड

“ही इमारत म्हणजे आगीचा सापळा आहे,” वायरमनची मुलगी म्हणाली आणि जिन्याखालच्या मीटरच्या कोनाड्यातून वाकून बाहेर आली. अग्निशमन दलाच्या तिच्या गणवेशाला कोपरापर्यंत जळमटं लागली होती. शेजाऱ्यांना तो गणवेश नवा नव्हता, पण आजवर तो आईकडे चहाला यायचा. तपासणीला पहिल्यांदाच आला होता.

“सापळा म्हटलं की तो लावणाराही आला,” पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले. त्यांना शब्दाची फोड केल्याशिवाय चैन पडत नसे. बोलून गेले आणि मग जीभ चावली, कारण पायरीवर वायरमनची बायको उभी होती.

वायरमनला जाऊन वर्ष झालं होतं. इमारतीतली एकूण एक वायर त्याच्या हातची. त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, पायरीवरून वळून घरात गेली.

मुलगी मागोमाग आली. आईने पाण्याचा तांब्या आपटलाच.

“बापाच्या कामाला हा शब्द लावायचास? लोकांसमोर?”

“मी इमारतीला म्हणाले, आई.”

“एकच झालं ते.”

“आमच्या दलात ही शिवी नसते गं. पेटल्यावर जिथून माणसाला बाहेर पडता येत नाही, त्या जागेला म्हणतात. अशा एका जागेतून मी माणसं बाहेर काढलीत. सगळी दारापाशीच सापडली. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं. धुरात कडी सापडली नाही त्यांना.” तिने बाहीवरची जळमटं झटकली. “आपल्याला एकच जिना आहे, तोही लाकडी. आणि त्याच्याखाली बाबांनी केलेले वायरींचे जोड. त्यांना एवढा भार पेलत नाही, वायरी हाताला गरम लागतात.”

वहिनीने सांडलेलं पाणी पुसायला घेतलं. वायरमनला कुणाला नाही म्हणता येत नसे. कुणी फ्रीज घेतला, ओढ वायर. मास्तरांच्या सुनेला पाण्याचा हीटर हवा, ओढ वायर. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने दुसरी इस्त्री घेतली तेव्हा तर तो जेवणावरून उठून गेला होता. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे आणि वहिनीची मान ताठ व्हायची. शेवटच्या वर्षी मात्र तो झोपण्याआधी खाली जायचा, जिन्याखालच्या भिंतीवर तळवा ठेवून उभा राहायचा. गुडघा दुखतो म्हणून आधार घेत असेल, असं तिने धरलं होतं. खरं तर तेव्हाही तिला शंका आली होती. तिने विचारलं नाही.

बाहेर आवाज चढले होते. सगळं वायरिंग नवं होईपर्यंत वीज बंद राहणार, हे कळल्यावर इस्त्रीवाला हातघाईवर आला होता. “पोरी, माझा धंदा बसेल. तुझा बाप असता तर त्याने अंधारात ठेवलं नसतं आम्हाला.” मग वहिनीला पाहून तो तिच्याकडे वळला. “वहिनी, तुम्हीच समजवा हिला. तुमचं ऐकेल ती.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. मुलगीही बघत होती. आईने नाही म्हटलं, तर ती वायरी तोडेलच, पण या दारात पुन्हा मुलगी म्हणून येणार नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

“मास्तर मघाशी बरोबर बोलले,” वहिनी म्हणाली. “सापळा ह्यांनीच लावलाय. मी मागितलं, तुम्ही मागितलं, आणि ह्यांनी जीव लावून लावलाय. पण लावलाय. तोडू द्या तिला. आमच्या घरापासून सुरुवात कर गं.”

मुलीने मेन स्विच पाडला. वरच्या मजल्यांवरचे पंखे एकेक करून थांबले, तेव्हा ते इतकी वर्षं केवढा आवाज करत होते ते सगळ्यांना कळलं.

कोनाड्यात गुडघ्यावर बसून मुलीने आपल्या घराची वायर शोधली. जोडावर काळी पट्टी होती, घट्ट आणि एकसारखी गुंडाळलेली. तिचं टोक नखाने उचलताना तिचा हात थांबला.

“काढ,” आई म्हणाली. ती शेजारी येऊन बसली आणि नवऱ्याच्या हातचं काही जमिनीवर पडू नये म्हणून तिने खाली ओंजळ धरली.