बैलांसाठी बसवलेले पाटे

ट्रक घेतला की माणसाची उंची वाढते, असा गुणवंतरावांचा समज होता. ती वाढली नाही, तेव्हा त्यांनी ट्रकचीच वाढवली.

गुणवंतराव म्हणजे आमचे हे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी यांनी मूल शहराजवळच्या आमच्या गावात एक जुना ट्रक आणला आणि जंगलातून बांबू वाहायला सुरुवात केली. जिल्हे दोन झाले तरी खड्डे दोघांनी सामाईक ठेवले होते. शिवाय जंगलाच्या वाटेवर तोडलेल्या झाडांचे खुंट. ते गाडीच्या पोटाला लागतात, म्हणून यांनी मागचे पाटे वाढवले. मागच्या चाकांवर पोलादाच्या वाकड्या पट्ट्यांची चवड असते, तिला पाटे म्हणतात. हे मला तेव्हा कळलं, कारण घरात दुसरा विषयच उरला नव्हता. एवढ्यानं भागेना, तेव्हा पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये सागाचे दोन जाड ठोकळे घातले. ठोकळे लोखंडाचे घालतात, असं ड्रायव्हर बिरजू म्हणाला होता. पण आमच्या भागात दार मोडो की खाटेचा पाय, औषध एकच. साग.

गाडी मागून इतकी वर गेली की सपाटीवर उभी असली तरी उतारावर असल्यासारखी दिसायची. गाव बघायला आलं. हे गाडीशेजारी मिशीला पीळ देत उभे. चालवायची मात्र बिरजूला होती. वळणावर ती आधी एका कुशीवर कलायची आणि मग जरा विचार करून दुसऱ्या.

"भाऊ, गाडी लय डोलून राह्यली," बिरजू म्हणाला.

"डोलते म्हंजे मस्तीत आहे," हे म्हणाले.

माझा ट्रकशी काही संबंध नव्हता. माझा संबंध बांड्या आणि मोऱ्या या आमच्या बैलांशी. दोघंही आमच्याच गोठ्यात जन्मले. मोऱ्या आठवड्याचा असताना त्याची आई गेली. दुसऱ्या गाईचं दूध बोटानं चाटवून मी त्याला वाढवला. जोडी पळायलाही चांगली होती. पण ट्रकवाल्याच्या दारात बैल म्हणजे यांना आता कमीपणा वाटायला लागला होता.

आमच्याकडे धान निघालं की बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या होतात आणि माणसंही. मग गावोगाव शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. त्या वर्षी वैनगंगेकाठच्या एका गावी मोठा पट होता. चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर यांनी जाहीर केलं, "जोडी पयली आली तं घरी, नाई तं तिथीच विकून येतो." शेजारच्या गावचे देवाजी तिथेच बसले होते. त्यांचा आमच्या जोडीवर कधीचा डोळा. त्यांनी लगेच यांच्या हातावर टाळी दिली. आणि यांची जबान म्हणजे काय विचारता! स्वतःला त्रास झाला तरी मागे घेणार नाहीत, आणि बायकोला होत असेल तर मुळीच नाही.

तेव्हा जोडी पहिली यायलाच हवी होती. नाहीतर माझा गोठा रिकामा होणार होता.

बैल पटाला ट्रकमधून जातील, हेही यांनी ठरवून टाकलं. घरी ट्रक असताना बैल पायी गेले तर लोक काय म्हणतील? म्हणून आधी नाल्यापर्यंत एक फेरी मारून पाहिली. परत आले तेव्हा मोऱ्याचे गुडघे सोललेले आणि बांड्याचे डोळे पांढरे झालेले.

"माये बैल पायीच जातीन," मी म्हटलं.

"इतकं दूर चालून थकलेले बैल पयतीन का?"

यांच्या तोंडून खरं क्वचित निघतं, ते नेमकं तेव्हा निघालं.

"मंग गाडी सुधरवा," मी म्हटलं. "गाडीत बैलानं रवंथ केला, तं मी समजन का गाडी सुधरली. भ्यायलेलं जनावर रवंथ करत नाई."

मूलच्या श्रीहरी मिस्त्रीला येत नाही असं काही नव्हतं. फक्त पहिल्यांदा येत नव्हतं. माझी अट ऐकून तो खूश झाला. म्हणाला, बांबू तक्रार करत नाही, त्यामुळे पाटे कसे बसले ते कळत नाही. बैल लगेच सांगतो. फक्त एक माणूस मागे बैलांपाशी हवा. बिरजू गाडी चालवणार, मिस्त्री केबिनमध्ये बसून आवाज ऐकणार, मला चूल होती. उरले मालक. उंच ट्रकचे धनी तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, दोन बैलांच्या मध्ये, एका हातात बांड्याचं दावं आणि दुसऱ्या हातात मोऱ्याचं.

गाडी डोलते म्हणजे पाटे नरम, असं म्हणून मिस्त्रीनं आधी आणखी दोन पट्ट्या चढवल्या. गाडीचं डोलणं खरंच थांबलं. ती आता उड्या मारायला लागली. हे कमरेवर हात ठेवून उतरले आणि दोन दिवस पालथे झोपले.

मग त्यानं उलट केलं. वाढवलेल्या झाडून सगळ्या पट्ट्या काढल्या, ठोकळे मात्र तसेच ठेवले. गाडी मऊ झाली, पण पहिल्याच वळणावर अशी कलली की बांड्यानं अख्खं अंग यांच्यावर टाकून यांना फळ्यांशी चेपून धरलं. "माया काई गुन्हा आहे का बे?" हे बांड्याला विचारत होते. त्या दिवसापासून हे बैलांशी बोलायला लागले.

त्यानंतर मिस्त्री एकदाचा गाडीखाली शिरला. एका बाजूचा सागाचा ठोकळा दबून उभा चिरला होता. म्हणजे गाडी सरळ रस्त्यावरही तिरपीच चालत होती आणि आम्ही दोष वळणाला देत होतो. त्यानं दोन्ही ठोकळे काढून लोखंडाचे बसवले, निम्म्या जाडीचे. वाढीव पट्टी एकच ठेवली. एका मोडीतल्या बसचे शॉकॲब्सॉर्बर आणून लावले. आणि एक आडवी दांडी टाकली, एक टोक अॅक्सलला, दुसरं चासीला, म्हणजे वरचा डोलारा बाजूला सरकायला नको. एवढं सगळं करून मागची उंची वीतभर उतरली. घरातलं कुणी गेल्यासारखे हे गाडीकडे बघत बसले.

पुन्हा नाल्यापर्यंत फेरी झाली. गाडी अंगणात वळली ती एकदम सरळ. मी चाकावर पाय देऊन आत डोकावले. मोऱ्या खाली बसला होता, मान यांच्या मांडीवर, आणि निवांत रवंथ चालला होता.

"हळू बोल," हे म्हणाले. "आत्ताच बसला आहे."

त्या ट्रकवर मी पहिल्यांदाच खूश झाले.

पटाच्या दिवशी बाकीच्या जोड्या पायी किंवा छकड्याला जुंपून आल्या होत्या. फुसफुसत होत्या, माती उकरत होत्या, दोन-दोन माणसांना आवरत नव्हत्या. आमची जोडी ट्रकमधून उतरली ती दुपारची झोप काढून उठल्यासारखी. लोक ट्रककडे बघत होते आणि हे लोकांकडे.

झेंडी पडली. धुरकऱ्यानं, म्हणजे जोडी हाकणाऱ्यानं, आरोळी ठोकली. बांड्यानं शेपटी हलवली. मोऱ्यानं बांड्याकडे पाहिलं. मग दोघं निघाले, आम्ही बाजाराला निघतो तसे. "काय गा, लेक सासरी चालली का?" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा पट हसला.

धुरकरी परत येऊन म्हणाला, "बाई, पटाचं जनावर थोडं चिडून याले लागते. तुमच्या गाडीनं याहिचा पुरा रागच काढून टाकला." म्हणजे ज्या आरामासाठी मी महिनाभर भांडले, तोच नडला होता. मी पदर तोंडाला लावला. मला रडू आवरत नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

देवाजी नवं दावं घेऊनच आले. शब्द टपरीवर दिलेला, तेव्हा टपरीतले सगळे साक्षीदार मागून आले, आणि तमाशा बघणारे त्यांच्या मागून.

"पटाचे तं नाईत," देवाजी म्हणाले, "पन नांगराले चालतीन." त्यांनी मोऱ्याच्या गळ्यात दावं टाकलं आणि ओढलं. मोऱ्या दोन पावलं मागे सरला आणि यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. माझ्या नाही, यांच्या.

हे मोऱ्याकडे वळले. मग मोऱ्याच्या गळ्यातलं दावं काढून त्यांनी देवाजींच्या हातात दिलं.

"नाई देत."

"जबान देली होती तुमी, गुणवंतराव."

"देली होती."

"मंग?"

"मंग काई नाई. मोडली म्हना."

लोक हसले. "ट्रकवाला बैलासाठी पलटला," एक जण म्हणाला. दुसरा बायकोबद्दल काहीतरी बोलला, ते सगळ्यांना ऐकू गेलं. यांना पण गेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चार लोकांनी मान वर करून बघावं म्हणून ज्या माणसानं ट्रकच्या कमरेची वाट लावली होती, तो माणूस शेकडो लोकांसमोर मान खाली घालून बांड्याचं दावं सोडत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात यांना द्यायला माझ्याकडे पहिल्यांदाच एकही टोमणा नव्हता. मी ट्रकचा मागचा फाळका उघडला, तणस नीट पसरलं आणि बिरजूला सांगितलं, "केबिनमंदी आज तू एकटाच बस. आमी दोघं मांगं आहो."