कात्री लावण्याआधी

दोघी बहिणींच्या शिवणाच्या दुकानात ताई कापायची आणि धाकटी शिवायची. ताईला एक खोड होती. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच ती त्याच्या कापडाला कात्री लावायची. एकदा कापलं की गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जाणार कुठे? युक्ती नामी होती. फक्त कापायला घटका लागते आणि शिवायला दिवस, एवढं साधं गणित ताईच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

धाकटीच्या मशीनमागची गठ्ठ्यांची रास वाढत वाढत खिडकी झाकून बसली होती. "नाही जमत" म्हणायची त्या घरात सोय नव्हती. आईपासून सगळ्या "होईल गं" म्हणणाऱ्या. शेवटी धाकटीने तयार कपड्यांच्या कारखान्यात गुपचूप नोकरी पक्की केली. आज ताईला सांगायचंच, मग तिने बोलणं टाकलं तरी चालेल, असं ठरवून ती आली होती. चालणार मात्र नव्हतं. ताईशिवाय तिला होतं कोण?

सकाळपासून शब्द ओठांपर्यंत येत होते आणि परत जात होते. तेवढ्यात शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम आल्या, रंगमंचाच्या पडद्याचं कापड कवेत धरून.

"यायला उशीरच झाला. पेपर तपासायचे, नाटक बसवायचं, त्यात सासूबाईंचा पाय मोडलाय. अगदी ओव्हरव्हेल्म्ड आहे हो मी!"

"म्हणजे काय?" धाकटीने मशीन थांबवून विचारलं.

मॅडमना शिकवायला निमित्तच हवं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे डोक्यावरून पाणी जाणं. सगळं एकदम इतकं अंगावर येतं की काही सुधरत नाही. आनंदानेही होतं बरं का. माझ्या वाढदिवसाला मुलांनी वर्ग सजवला, तेव्हाही मी हेच म्हणाले आणि ढसाढसा रडले."

"पण असं म्हटल्यावर लोक कामचुकार नाही म्हणत?"

"छे! यात कुणाला बोल लावलेला नसतो. आपण बुडतोय, एवढंच सांगायचं. सांगितलं तर कुणी हात देईल ना?"

ताईचं इकडे लक्षच नव्हतं. तिने पडदा टेबलावर पसरला, खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली.

"ताई, थांब!" धाकटी म्हणाली. "मी ओव्हरव्हेल्म्ड आहे. खरंच बुडतेय गं."

कात्री हातातच राहिली. ताईने आधी बहिणीकडे पाहिलं, मग मशीनमागच्या राशीकडे.

"अगं, मग बोलायचं नाही का? मला वाटायचं, हाताला काम नसलं की कंटाळून तू दुसरीकडे जाशील. म्हणून मी आपली घेत सुटले."

धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"माझा पडदा पुढच्या महिन्यात झाला तरी चालेल," मॅडम लगबगीने म्हणाल्या आणि त्यांनी कापड परत कवेत घेतलं. "पोरांचं पाठांतर कुठे झालंय अजून!"

न कापलेलं कापड दुकानाबाहेर जाताना बघून ताईचा जीव खालीवर झाला, पण तिने ते जाऊ दिलं. मग राशीवरचे चार गठ्ठे उचलून ती आपल्या टेबलाकडे निघाली. "हे मी शिवते. बघतेस काय अशी? मलाही येतं म्हटलं शिवता!"

गठ्ठे हलले तशी खिडकी वीतभर उघडी पडली. धाकटीला किती दिवसांनी रस्ता दिसला, समोरच्या भिंतीवरचं ऊन दिसलं. तिला हलकं हलकं वाटलं. कारखान्यात नाही म्हणून कळवायचं तेवढं राहिलं होतं. ते "नाही" म्हणायला तिला इंग्रजी लागणार नव्हतं.