दोनशे बारा समीकरणं

अंबाजोगाईत कॉलेजसमोरच्या गल्लीत हीनाचं टायपिंगचं दुकान आहे. शेजारी तिचा नवरा इसाक मोटारसायकली दुरुस्त करतो. हीना गणितात बी.एस्सी. झालेली, त्यामुळे गणिताचं टायपिंग म्हटलं की केज-परळीपासून माणसं तिच्याकडे येतात. बाकीचे दुकानदार वर्गमूळ दिसलं की कागद परत करतात.

हरिओम सर तिच्याकडे आले ते प्रबंध घेऊन. दुसऱ्या तालुक्यातल्या एका कॉलेजात ते गणित शिकवायचे. एकशे चाळीस पानांचा इंग्रजी प्रबंध, पेनड्राइव्हमध्ये. हीनानं फाइल उघडली आणि तिला पहिल्याच पानावर खटकलं. मजकूर ठसठशीत, गोलसर अक्षरात होता आणि मधली समीकरणं फिकट, किरकोळ, ओळीपेक्षा जराशी खाली बसलेली. वाक्यातला एक्स वेगळा, समीकरणातला एक्स वेगळा. आकडेसुद्धा जुळत नव्हते. समीकरणं टाइप केलेली नव्हतीच, ती कुठून तरी चित्रं कापून चिकटवली होती.

"नवे मार्गदर्शक म्हणाले, हे ठिगळ लावल्यासारखं दिसतंय," सर म्हणाले. "सगळं एका हातचं दिसलं पाहिजे. तुमचं लई नाव ऐकलंय, हीनाताई."

"सगळी समीकरणं नव्यानं टाइप करावी लागतील, सर. दोन-तीन आठवडे जातील."

"जाऊ द्या."

असं काम रोज येत नाही. रोज येतात ते उत्पन्नाचे दाखले आणि लग्नपत्रिका. मजकुराच्या अक्षराशी जुळणारा गणिताचा फॉन्ट शोधण्यात हीनाचे चार दिवस गेले. एक सापडला, त्याची जाडी जुळत होती पण लहान अक्षरं बुटकी होती. दुसऱ्यात अक्षरं जुळली तर कंस नाजूक निघाले. शेवटी तिसरा घेतला, शंभर टक्क्यांचा एकशे चार टक्के केला आणि कागदावर छापून भिंगाखाली धरला. वाक्य वाचत वाचत नजर समीकरणात शिरली आणि कुठंही न अडखळता बाहेर आली. तिनं इसाकला हाक मारून तो कागद दाखवला.

"काय बघायचं हाय यात?" इसाक म्हणाला.

"काहीच दिसत न्हाई ना? मग बराबर जमलंय."

दुसऱ्या आठवड्यात ती तिसऱ्या प्रकरणाला लागली. तिथं एका अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ होती. चित्र मोठं करून बघताना तिला ती रेघ उजवीकडे उतरलेली दिसली. पुढच्या समीकरणातही तशीच. एका ठिकाणी तर रेघ अक्षर सोडून बाजूलाच गेली होती.

ही रेघ तिनं स्वतः काढलेली होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्याकडे जुना, आता भंगारात गेलेला कॉम्प्युटर होता, त्यात हे चिन्ह नव्हतं. मग तिनं माउसनं एकेका अक्षरावर रेघ ओढली होती, आणि शेजारी बसलेली स्वप्नाली हसून म्हणाली होती, "राहू दे गं, वाकडी तर वाकडी, गणित सरळ हाय."

स्वप्नाली तिची वर्गमैत्रीण. वर्गात पहिली यायची. पुढं तिनं पीएच.डी.ला नाव घातलं, तीन प्रकरणं लिहिली, ती हीनानंच टाइप केली. मग सासरे अंथरुणाला खिळले, जुळ्या मुली झाल्या आणि संशोधन सुटलं. तिच्या टाइप केलेल्या कागदांची एकुलती एक प्रत आणि सीडी तिच्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात होती. ते सर वारले. हरिओम त्यांचेच दुसरे विद्यार्थी होते, ते गेल्यावर त्यांना नवे मार्गदर्शक मिळाले होते.

सर पानं बघायला आले तेव्हा हीनानं विचारलं, "सर, हे तर स्वप्नालीचं हाय ना? तिसरं, चौथं, पाचवं?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तिनं सोडून दिलं ते. सरांनी मला सांगितलं होतं, पुढं ने म्हणून. तिचं नाव आभारात घालतोय ना मी. कपाटात वाळवी लागली असती, ते बरं झालं असतं का?"

हीनानं छापलेली पानं त्यांच्या हातात दिली. त्या रात्री तिनं स्वप्नालीचा नंबर काढला आणि फोन करू का, असं इसाकला विचारलं.

"तू कावून पडतीस त्यात?" तो म्हणाला. "मास्तरांचं मास्तर बघतील. उद्या कॉलेजचं काम बंद झालं तर?"

पण तिनं फोन केला नाही तो इसाकमुळे नाही. खरं कारण तिलाच ठाऊक होतं. पानं देखणी निघत होती. असं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं आणि ते पूर्ण झालेलं तिला बघायचं होतं. आभारात नाव आहेच, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि वाकड्या रेघांच्या जागी सरळ रेघा बसवत गेली. एकूण दोनशे बारा समीकरणं झाली.

आभाराचं पान सर्वांत शेवटी आलं. त्यात मार्गदर्शक होते, आई-वडील होते, संस्थेचे अध्यक्ष होते. 'सुबक टंकलेखनासाठी' हीनाचंही नाव होतं. स्वप्नालीचं नव्हतं.

"सर, ते नाव?"

"राहिलं का? बघू पुढच्या प्रतीत. आज बाइंडिंगला जायचंय." मग ते शेजारी बसून राहिले. "आणि जुनी चित्रं आता ठेवू नका. फाइल उगाच जड होते."

हीनानं त्यांच्यासमोर ती पुसली. आणि पाच प्रती छापून दिल्या.

वर्षभरानं, भर दुपारी, स्वप्नाली दुकानात आली. बीडला एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिच्या सहकाऱ्यानं मोबाइलवर तिला हा प्रबंध दाखवला होता, चांगला आहे, वाच म्हणून. ती बसली नाही.

"आभाराच्या पानावर तुझं नाव हाय. तुला कळलं न्हवतं?"

हीनाला खोटं बोलता आलं असतं. "तिसऱ्या प्रकरणात कळलं," ती म्हणाली.

"मग मला फोन कावून न्हाई केलास?"

"तुझं नाव घालतो म्हणले ते."

"आणि न्हाई घातलं, तवा?"

हीना एवढंच म्हणाली, "तू तक्रार कर. मी येते सांगायला. जे झालं ते सगळं सांगते."

स्वप्नालीनं विद्यापीठात तक्रार केली आणि हीनानं शब्द पाळला. चौकशी समितीत तिघं होते, मध्ये कल्याणराव नावाचे निवृत्त प्राचार्य. इसाक नको म्हणत असताना हीना गेली. टेबलावर प्रबंध उघडा होता, शेजारी स्वप्नालीच्या तीन कच्च्या वह्या.

"वह्या केव्हाही लिहिता येतात," एक सदस्य म्हणाले.

कल्याणरावांनी प्रबंध चाळला, चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं. "चोरून चिकटवलेलं असतं ना, ते दिसतं. मी पन्नास प्रबंध तपासलेत. अक्षर बदलतं, माप बदलतं. इथं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हात दिसतोय."

"सर, ते मी एकसारखं केलंय," हीना म्हणाली. "आधी वेगळं होतं. चित्रं होती, रेघा वाकड्या होत्या. त्या रेघा माझ्याच होत्या."

"ती चित्रं आहेत?"

"पुसली."

"कुणी?"

"मी. सरांनी सांगितलं म्हणून."

"काम कुणाचं आहे ते ओळखल्यावर पुसलीत?"

हीनानं होकारार्थी मान हलवली. हरिओम सर शांतपणे म्हणाले, "मी स्वतः जुन्या सॉफ्टवेअरवर टाइप केलं होतं, म्हणून नव्यानं करून घेतलं. यांच्यावर माझा राग नाही. पण या दोघी वर्गमैत्रिणी आहेत, एवढं नोंदवून घ्यावं."

नोंदवून घेतलं गेलं. महिन्याभरात पत्र आलं, पुराव्याअभावी तक्रार निकाली. हरिओम सरांना त्याच वर्षी विभागप्रमुख केलं. कॉलेजचं काम बंद होईल ही इसाकची भीती मात्र खोटी ठरली. सरांनी आपले दोन विद्यार्थी हीनाकडेच धाडले, म्हणाले, तिच्यासारखं कुणी करत नाही. हीनानं त्यांना परत पाठवलं. इसाक दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत स्वप्नाली पुन्हा आली, या वेळी लॅपटॉप घेऊन.

"नवीन काहीतरी लिहितेय," ती म्हणाली. "फॉन्ट कसे जुळवायचे तेवढं शिकव. यापुढं माझं मीच टाइप करणार."

हीनानं घाईनं दुसरी खुर्ची पुसली. "दाखव ना कुठली समीकरणं हायत. त्यावरच शिकवते, सोपं जाईल."

"न्हाई," स्वप्नाली म्हणाली. तिनं कोरी फाइल उघडली आणि शाळेतलं, नववी-दहावीच्या पोरापोरींना पाठ असलेलं वर्गसमीकरणाचं सूत्र टाइप केलं. "यावर शिकव."

हीनानं त्यावर शिकवलं. जाडी कशी बघायची, लहान अक्षरांची उंची कशी मोजायची, अपूर्णांकाची रेघ कुठं बसते. स्वप्नाली वहीत लिहून घेत होती, मुद्देसूद, कॉलेजात घ्यायची तशी. तासाभरात तिला सगळं जमलं. मग तिनं ती फाइल बंद केली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि बीडची गाडी किती वाजता आहे ते इसाकला विचारून निघाली.