काचेआडची पृथ्वी

अण्णांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी त्यांची नजर पूर्ण गेली. काचबिंदू. त्यांच्या मुलीला, म्हणजे ताईला (घरात थोरली म्हणून वडीलसुद्धा तिला ताईच म्हणत), विज्ञान संग्रहालयाच्या कार्यशाळेत मॉडेलं करण्याची नोकरी होती. धाकटा भाऊ त्याच संग्रहालयाचा संचालक. घरी त्याचे कान पिळलेल्या बहिणीला कामावर त्यालाच साहेब म्हणावं लागे. ताईने तेही अंगवळणी पाडून घेतलं होतं.

नव्या दालनासाठी पृथ्वीचा मोठा गोल करायचा ठरला. मीटरभर व्यासाचा, डोंगर-दऱ्यांसकट. ताईने अट घातली, की तो हात लावून पाहता आला पाहिजे, आंधळ्यांनासुद्धा. धाकट्याने हो म्हटलं. वर असंही म्हणाला, की 'पृथ्वी' या नावाची माहिती देणाऱ्या फलकाचा मजकूर अण्णांनीच सांगावा.

मग वर्षभर अण्णा रोज दुपारी काठी टेकत कार्यशाळेत येऊ लागले. संत्र्याच्या फोडींसारखे गोलाचे आठ भाग केले होते. ताई एकेका भागावर मातीत डोंगर उठवायची आणि अण्णा बोटांनी तपासायचे. ही रांग फार सरळ आलीय. इथे डोंगराला लागूनच समुद्रात खोल चर हवा. खऱ्या मापाने केलं तर जगातलं सर्वांत उंच शिखर या गोलावर मिलिमीटरभरही भरत नाही, हे अण्णांनीच तिला आकडेमोड करून पटवलं. म्हणून डोंगर वीसपट उचलले. कमरेशी, विषुववृत्तावर, मात्र पृथ्वी फुगलेली असते, ते अण्णांनी मापात घ्यायला लावलं.

"उतारवयात सुटलेलं पोट आहे ते," ते म्हणाले. "लपवू नकोस."

फलकाचा मजकूर त्यांनी तीनदा बदलून सांगितला. पृथु म्हणजे रुंद, ऐसपैस; जी पसरलेली ती पृथ्वी. पृथू नावाच्या राजाचीही गोष्ट सांगतात, तीही लिहायची, पण गोष्ट म्हणूनच. पहिल्यांदा हे नाव कुणी घेतलं, ते कुणालाच ठाऊक नाही, हे वाक्य गाळायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

"मला वाटतं, चालून चालून पाय दुखलेल्या माणसाने ठेवलेलं नाव असणार," ते ताईला म्हणाले. "होडीतून निघाला असता तर वेगळं ठेवलं असतं. दहातले सात हिस्से तर पाणीच आहे." हे मात्र फलकावर नको म्हणाले. लोक हसतील.

आठही भागांचे प्लास्टरचे साचे निघाले, साच्यांत फायबरचे थर दिले, गोल जोडला, रंगवला आणि दालनात गेला. अख्खा गोल अण्णांच्या हाती कधीच लागला नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच तयार होऊन बसले.

ताई दालनात शिरली. गोलाभोवती काचेची पेटी होती. फलकावर लिहिलं होतं, की पृथू राजाने हे नाव दिलं. बाकी काही नाही. खाली 'संकल्पना आणि निर्मिती' म्हणून धाकट्याचं नाव.

तिने त्याला बाजूला घेतलं. तो हळू आवाजात म्हणाला, की लोक हात लावून रंग घालवतात आणि वरच्या समितीला ठाम वाक्यं लागतात. किल्ली काचवाल्याकडे आहे, उद्या बघू.

"अण्णांना काय सांगू?"

"तू काहीच सांगू नकोस. फोटोवाले थांबलेत."

तोवर एका शिपायाने अण्णांना गोलापाशी आणलंच होतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं काचेवर आपटली. ते थांबले, मग त्यांनी काच वरपासून खालपर्यंत चाचपली. पाहुणे बघत होते. ताईला वाटलं, आता तरी बोलतील. त्या आवाजाने एके काळी अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा.

"फार छान केलंय साहेबांनी," अण्णा हसून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धाकट्यापेक्षा अण्णांचाच राग तिला जास्त आला. दुसऱ्या दिवशी ती साचे आणायला कार्यशाळेत गेली, तर जागा मोकळी करायच्या हुकमाने ते फोडून झाले होते. गोणीत एक मोठा तुकडा तेवढा धड होता. तो तिने घरी आणला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली. डोंगर होते तिथे खड्डे, समुद्र होते तिथे टेंगळं.

"उलटी आहे," ते म्हणाले.

"साचा आहे, अण्णा. एवढंच उरलंय."

ती वाट बघत राहिली. एखादा शब्द, एखादी शिवी, काहीही चाललं असतं. अण्णांनी तुकडा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, बोटांना लागलेलं पांढरं धोतराला पुसलं.

"धाकट्याचा फोन आला होता का गं?" त्यांनी विचारलं. "फोटो छापून आलाय म्हणतात. मी दिसतो का त्यात?"

पेपर तिच्या पिशवीतच होता. फोटोत काच होती, गोल होता आणि धाकटा होता. अण्णांचा एक हात तेवढा कडेला आला होता, मनगटापर्यंत.

"दिसता," ताई म्हणाली, आणि तुकडा उचलून बाहेर कचऱ्यात टाकून आली.