साहेबांनी झेललेला दगड

उघड्या जीपमध्ये मखमली उशीवर एक दगड ठेवला होता आणि अख्खा बाजार त्याच्या पाया पडत होता. एका बाईने तर आपल्या तापलेल्या बाळाचं डोकं त्यावर टेकवलं. सकाळपासून वाहिन्यांवर एकच दृश्य चालू होतं. सभेत माइकवाल्याने साहेबांवर दगड भिरकावला आणि साहेबांनी पापणीही न लववता तो अलगद झेलला! मागे पक्षाचं गाणं. निवेदिका गहिवरून विचारत होती, "ही दैवी शक्ती नाही तर काय?" विरोधकांची वाहिनी तरी कुठे शहाणी! दगड झेलला हे तिलाही मान्य होतं. फक्त तो मंतरलेला होता, एवढंच तिचं म्हणणं.

माइकवाला त्या वेळी माझ्या दवाखान्यात टेबलावर पडला होता. भुवई फाटलेली, डोळ्यात रक्त साकळलेलं. माझी सिस्टर त्याची सख्खी बहीण.

"ताई, माइक बंद पडला म्हणून साहेबांनीच मारला गं. भाषणाचे कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता, तोच दगड."

"बोलू नकोस, डोळा हलतो," सिस्टरने त्याला दटावलं.

रक्त थांबवायला मी भुवईला टाके घालत होतो. डोळा वाचवायचा तर त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं होतं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती, पण मध्ये जीप आडवी आणि तिच्याभोवती जमाव.

"दगड मारणारा आत आहे, मारा त्याला!" अशी आरोळी उठली आणि पहिली वीट खिडकीतून आली. काच सिस्टरच्या गालात घुसली. मग दार मोडलं. चौघांनी माइकवाल्याला केसांना धरून बाहेर फरफटत नेलं. माझी सुई तशीच त्याच्या भुवईत लोंबत राहिली. पायरीवर एका दांडगटाने त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मध्ये पडलो तर काठी माझ्या मनगटावर आली.

जीपवर पक्षाचा प्रवक्ता उभा होता. "हा हल्ला एका व्यक्तीवर नाही, विकासावर आहे! दगड कुणी मारला हा प्रश्न गौण आहे, झेलला कुणी ते बघा!" एवढं बोलून त्याने तंबाखूची पिचकारी माझ्या पायरीवर मारली.

हा माणूस कित्येक वर्षं माझ्या जिन्यात थुंकतो आणि मी कित्येक वर्षं त्याच्याशी भांडतो. ती पिचकारी बघितली आणि सकाळपासून टीव्हीवर मला काय खटकत होतं ते झटकन लक्षात आलं.

"मारा!" मी ओरडलो. "पण आधी क्लिप बघा! साहेबांकडे नको, मागच्या प्रवक्त्याकडे बघा!"

फोन बघायला सांगितलं तर कुठलाच जमाव नाही म्हणत नाही. माइकवाल्याच्या छातीवर पाय दिलेल्या त्या दांडगटानेही खिशातून फोन काढला.

"मंचाच्या पांढऱ्या कापडावर डाग दिसतोय?"

"दिसतोय की."

"आता पुढे बघ."

"डाग वर उठला… अरे, ई! परत ह्याच्या तोंडात गेला!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दगड झेलणं जमत असेल साहेबांना," मी म्हणालो, "पण खाली पडलेली थुंकी उडून तोंडात जाते कधी? क्लिप उलटी फिरवलीये. बोलणं उलटं ऐकू येऊ नये म्हणून वर गाणं चिकटवलंय. सुलटी करून बघा."

एका कॉलेजच्या मुलीने तिथेच ती सुलटी केली. साहेबांचा हात मागे गेला, दगड सुटला आणि माइकवाला डोळा धरून खाली कोसळला.

प्रवक्त्याने घसा साफ केला. "दगड कुठून कुठे गेला, हा दृष्टिकोनाचा भाग आहे. मुळात साहेबांनी तो जनतेला अर्पण…"

दांडगटाने उशीवरचा दगड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात जीपच्या बॉनेटवर पडले. "घे, हे पण घे परत तोंडात!" जमाव पुन्हा खवळला. माणसं तीच, आरोळी तीच, फक्त खाली पडलेला माणूस बदलला होता. मला त्या सगळ्यांची किळस आली.

सिस्टर रक्ताळलेल्या गालाने प्रवक्त्याच्या आडवी उभी राहिली. "ह्याला मारून माझ्या भावाचा डोळा वाचणार आहे का? जीप हलवा आधी!"

जीप हलली. पण तोवर उशीर झाला होता. डोळा गेला.

तुम्हाला हात जोडून सांगतो, जिथे बघा म्हणून ओरडतात तिथेच बघू नका, जरा कोपऱ्यातही बघा. आपल्या पक्षाची बातमी असेल तर दोनदा बघा. दगड मारणाऱ्याचंच कपाळ कसं फुटलं, एवढा साधा प्रश्न पडायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही.

तो दांडगट आता माइकवाल्याचे कर्णे उचलायला जातो, पैसे घेत नाही. परवा कर्णे उचलून दुखावलेलं मनगट दाखवायला म्हणून आला आणि पट्टी बांधून घेतली. मग म्हणाला, "डॉक्टर, क्लिप सुलटी झाली. माझी ती लाथ कशी परत घेऊ?"