देवासला राहिलेला डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. दिनानाथरावांनी मला सियागंजच्या बाजारातून घेतलं आणि झाकणावर लेकीचं नाव कोरून घेतलं: अमिता. ती लग्न होऊन देवासला गेली होती. ते रेल्वेतून निवृत्त होऊन इंदूरला एकटेच राहत होते.

मित्रांनो, माझं आयुष्य या दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर गेलं. शेजारचा अर्पित देवासच्या कारखान्यात रोज अप-डाउन करायचा. "काकाजी, लाडू दीदीला आणि वजन मला, ये कौनसा हिसाब झाला?" असं म्हणत तो मला पिशवीत टाकायचा. बसच्या खिडकीतून गव्हाची शेतं दिसायची, मग देवासची टेकरी. जाताना माझ्यात बाबांनी वळलेले मेथीचे लाडू असत. रिकामा डबा परत करायचा नाही, ही घरची रीत. म्हणून येताना थालीपीठं, आणि काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

मग रस्ता रुंद झाला. शेतांच्या जागी कॉलन्यांच्या कमानी आल्या, गोदामं आली. दोन्ही शहरं मिळून महानगर होणार, असं पेपरात आलं. अर्पितने इंदूरमध्येच, विजय नगरात नोकरी धरली. अमिता फोनवर म्हणाली, "बाबा, पुरणपोळ्या करून मीच घेऊन येते डबा. आता काय, एकच शहर झालं."

मी तिच्या फळीवर राहिलो.

दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, "डबा कुठे अडला गं?"

"येतेय ना, बाबा."

चौथ्या महिन्यात तिला वाटलं, त्यांना डब्यावाचून अडचण होत असेल. तिने मोबाइलवरून तीन नवे डबे त्यांच्या पत्त्यावर पाठवले.

"मिळाले," ते म्हणाले. "चांगले आहेत."

नंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

माघातल्या एका सकाळी अर्पितचा फोन आला. अमिताने मला का उचललं, ते तिलाही कळलं नसेल. अर्ध्या तासात आम्ही पोहोचलो. बाबांना जमिनीवर घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघर आवरत होती. नव्या डब्यांपैकी एक लाडूंनी भरलेला निघाला.

अर्पित दारात उभा होता. "दीदी, मी बोललो होतो काकाजींना, छुट्टीच्या दिवशी देऊन येतो. म्हणाले, रहने दे, ती स्वतः येणार आहे."

लाडूंना खवट वास येत होता. अमिताने एक उचलला आणि तिथेच खाली बसून सगळा खाल्ला.

मित्रांनो, मला घासूनपुसून फळीवर ठेवू नका. आत घालायला काही सुचलं नाही, तरी मला घेऊन निघा.